अकराशे चाळीस उल्लेख आणि एक गोगलगाय

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली दोन ओळी आहेत. 'खासगी गुप्तहेर' ही पहिली आणि 'नजरेतून काही सुटत नाही' ही दुसरी. म्हणजे छापायला तशी दिली होती. छापखान्याने 'सुटत'च्या जागी 'सुचत' छापलं, आणि ते नेमकं माझ्या नजरेतून सुटलं. पाचशे कार्डं घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलंच कार्ड हातात घेऊन चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "धंद्यात इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही."

बाकी माझं वर्णन मलाच करावं लागणार, कारण दुसरं कुणी करत नाही. उंची मध्यम, पण विचार करताना थोडी वाढते. कपाळ रुंद, आणि दर वर्षी मागच्या दिशेने आणखी रुंद होत चाललेलं. नाक असं, की गुन्ह्याचा वास गुन्हा घडायच्या आधी यावा, सर्दी नसेल तर. हेरगिरीत येण्यापूर्वी मी बस स्थानकावर 'हरवले-सापडले' या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसलो. त्या काळात माझ्या हातून नऊ हजार तीनशे बारा वस्तूंचा छडा लागला. हा आकडा मी कुठल्याही नव्या ओळखीत पहिल्या दोन मिनिटांत सांगतो. तिसऱ्या मिनिटाला सासूबाई सांगतात, की त्या वस्तू लोकांनी आणून दिल्या होत्या आणि मी त्या रजिस्टरमध्ये लिहिल्या. हे खरं आहे. पण रजिस्टरमधलं अक्षर माझं आहे.

सासूबाई माझ्या मदतनीस आहेत. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं आणि हजारो उत्तरपत्रिका लाल शाईत बुडवल्या. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. मी घरात पायात पायात येऊ नये म्हणून बायकोने मला हेरगिरीची परवानगी दिली, आणि मी बाहेर हरवू नये म्हणून आपली आई बरोबर दिली.

एका शनिवारी सकाळी आमच्या दारात संचालक उभे राहिले. नद्या-ओढ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन संस्थेचे ते प्रमुख. मी पूर्वी त्यांची छत्री परत केली होती. त्यामुळे 'हरवलेलं शोधून देणारा माणूस' म्हणून मी त्यांच्या लक्षात होतो. हातात सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. तो टेबलावर ठेवल्यावर टेबल कुरकुरलं.

"काय हरवलंय?" मी डोळे बारीक करून विचारलं.

"हरवलं काहीच नाही. जास्त सापडलंय," संचालक म्हणाले आणि खुर्चीत बसले.

प्रकरण असं होतं. संस्थेत विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. शुक्रवारी निवड समिती येणार होती. निवडीचा नियम संचालकांनी एका दमात सांगितला. शास्त्रज्ञ लेख लिहितो. दुसऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या लेखात त्याचा हवाला दिला, की पहिल्याच्या नावावर एक उल्लेख चढतो. ज्याचे उल्लेख जास्त, तो शास्त्रज्ञ मोठा.

"म्हणजे ज्याचं नाव जास्त निघतं तो मोठा," चहा ठेवता ठेवता सासूबाई म्हणाल्या. "या हिशेबाने आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी सगळ्यांत मोठी."

संचालकांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. जागेसाठी दोन उमेदवार होते. एक गाळसाहेब. नदीतल्या गाळाचा अभ्यास वीस वर्षं, उल्लेख दोनशे बारा. दुसऱ्या गोगलताई. पाण्यातल्या गोगलगायींचा अभ्यास, उल्लेख अकराशे साठ. त्यातले अकराशे चाळीस एकाच लेखाचे. तो लेख आणि त्या उल्लेखांची यादी गठ्ठ्यात होती.

"बारा वर्षांपूर्वीचा लेख," संचालक म्हणाले. "अकरा पानं. एका ओढ्यातल्या गोगलगायी प्रवाहाच्या उलट दिशेने कशा चढतात, एवढंच. पहिल्या चार वर्षांत तीन उल्लेख. त्यातले दोन तिने स्वतःच केलेले. आणि मग हे असं. आता उल्लेख करणारे कोण ते ऐका. डोळ्यांचे डॉक्टर. रंगाच्या कारखान्यातले रसायनतज्ज्ञ. मधमाश्यांवाले. एक ज्वालामुखीवाला."

"ज्वालामुखीत गोगलगायी असतात?"

"नसतात. म्हणून तर तुमच्याकडे आलो. फसवणूक असेल तर संस्थेची अब्रू जाईल, आणि नसेल तर कधी चार माणसांसमोर न बोललेल्या बाईला खुर्चीवर बसवावं लागेल. दोन्हीकडून मीच मेलो."

सासूबाईंनी गठ्ठ्याची सुतळी बोटाने वर उचलून पाहिली. "तुम्ही हा लेख वाचलाय?"

"मोजलाय," संचालक म्हणाले.

"आणि हे अकराशे चाळीस?"

"तेही मोजलेत. दोनदा."

ते गेल्यावर मी खोलीत तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला माझ्या डोक्यात वीज चमकली. "गोगलगाय आणि पोटात पाय," मी म्हणालो. "सासूबाई, आपल्या पूर्वजांनी हे प्रकरण आधीच सोडवून ठेवलंय. वरून गरीब दिसणारी ती बाईच या कटाच्या मुळाशी आहे."

"बघा बुवा," सासूबाई म्हणाल्या आणि गठ्ठ्यातला पहिला कागद उचलून खिडकीपाशी वाचत बसल्या.

दुपारी आम्ही संस्थेत गेलो. गोगलताईंची प्रयोगशाळा तळमजल्याच्या टोकाला, जिन्याखाली होती. तीन भिंतींवर छतापर्यंत काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीत पाणी, पाण्यात गोगलगाय, आणि बरणीवर चिठ्ठी. कोपऱ्यात दगडी मोरी. तिथे एक ठेंगण्या बाई बाह्या सरसावून बरण्या घासत होत्या. सगळी संस्था त्यांना बाटलीकाकू म्हणते. नाव ऐकून माझा गैरसमज झाला होता. मी त्यांच्या श्वासाचा वास घेण्यासाठी पुढे वाकलो, तर त्यांनी माझ्या हातात ओली बरणी दिली आणि "जरा धरा" म्हणाल्या. मी अर्धा तास बरण्या धरल्या.

गोगलताई पन्नाशीच्या, बारीक, आवाज इतका हळू की समोरच्याने आपोआप श्वास रोखावा. मी आडून प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. त्यामुळे विचारलं, "गोगलगाय आणि पोटात पाय, या म्हणीबद्दल तुमचं काय मत आहे?"

त्यांनी नीट विचार केला. "शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिचं पोट हाच तिचा पाय असतो."

कबुलीजबाब इतक्या लवकर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी तो वहीत लिहून घेतला.

"तुमच्या लेखाचे अकराशे चाळीस उल्लेख झालेत," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"संचालकांनी परवा सांगितलं." ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी कधी मोजत नाही. पण ऐकून बरं वाटलं. पहिली काही वर्षं कुणी काही बोललंच नाही ना. मला वाटायचं, सात वर्षं ओढ्यात उभी राहिले, ती माझ्यापुरतीच. लोकांना पटायला वेळ लागतो. गोगलगायींचं काम तसंच असतं."

हे सांगताना त्या बरण्यांकडे पाहत होत्या. मला ते फार संशयास्पद वाटलं. सासूबाईंनी मात्र संस्थेच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मागितली.

रविवारी मी एकट्याने पहिला सिद्धांत मांडला. गठ्ठा चाळताना मला दिसलं होतं, की उल्लेख करणारे बहुतेक सगळे लेखाच्या चौथ्या पानाचा हवाला देतात. आणि चौथ्या पानावर काय होतं, तर ओढ्याचा नकाशा. नकाशावर सात फुल्या. नकाशा आणि फुल्या म्हटल्यावर पुढचं शेंबडं पोरही सांगेल. ओढ्यात काही तरी पुरलेलं होतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपासून ज्वालामुखीवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना सांकेतिक भाषेत त्याचा पत्ता कळवत होते.

मी फावडं घेऊन ओढ्यावर गेलो. तिसऱ्या फुलीपाशी पाय घातला आणि कमरेपर्यंत गेलो. गाळात रुतलेल्या माणसाला आपल्या बुद्धिमत्तेबद्दल विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. मी तो वाया घालवला आणि ओरडत बसलो. पाऊण तासाने गुडघ्यापर्यंत बूट घातलेला एक आडदांड गृहस्थ बादली घेऊन आला. त्याने मला काखेत धरून उपटलं आणि मग मी जिथे रुतलो होतो तिथला गाळ काळजीपूर्वक बादलीत भरला.

"इथला नमुना राहिला होता," तो म्हणाला. हेच गाळसाहेब.

काठावर बसून बूट रिकामे करता करता माझा दुसरा सिद्धांत जन्मला. प्रतिस्पर्ध्याला बदनाम करण्यासाठी यानेच खोटे उल्लेख पेरले असतील. मी सरळ वार केला. "तुमचे फक्त दोनशे बारा. पोटात दुखत असेल."

"दुखत नाही असं कसं म्हणू," गाळसाहेब म्हणाले. "पण ताईंचं काम चोख असतं. त्यांना खुर्ची मिळाली तर मी हार घेऊन जाईन." मग त्यांनी बादलीतल्या गाळात बोट फिरवलं. "माझं सगळ्यांत चांगलं काम विचाराल, तर नदीपलीकडच्या वस्तीतल्या विहिरींचं. गाळातून विष झिरपत होतं. मी साध्या भाषेत चाळीस पानांचा अहवाल लिहिला आणि घरोघर वाटला. सहा विहिरी बंद केल्या, दोन नव्या खणल्या. मुलांच्या पोटदुख्या थांबल्या."

"त्याचे उल्लेख किती?"

"शून्य. त्या लोकांनी लेख लिहिले नाहीत ना. पाणी प्यायले."

मी हे वहीत लिहिलं नाही, कारण वही ओली होती. घरी पोचलो तेव्हा बायकोने मला दारातच थांबवलं आणि अंगणातल्या नळाखाली उभं केलं.

सोमवारपासून मी गोगलताईंच्या मागावर राहिलो. पाठलागात माझा हात धरणारा कुणी नाही. मंगळवारी ताईंनीच वळून विचारलं, की तुम्हाला रस्ता ओलांडायला मदत हवी आहे का. पण बुधवारी संध्याकाळी माझ्या चिकाटीचं चीज झालं. ताई कोपऱ्यावरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात शिरल्या. मी बाहेर काचेला नाक लावून उभा राहिलो. त्यांनी बिनरंगाच्या नेलपॉलिशच्या बारा बाटल्या घेतल्या.

बारा. आणि त्यांची स्वतःची नखं तर कापलेली, मातकट, नेलपॉलिशचा त्यांना कधी स्पर्शही न झालेला. माझ्या डोक्यातली चाकं गरगरू लागली. बाटल्या स्वतःसाठी नाहीत, म्हणजे दुसऱ्यांसाठी. बारा दुसऱ्यांसाठी. दर महिन्याला बारा, आठ वर्षांत साडेअकराशेच्या आसपास. हा हिशेब मी फुटपाथवर उभा राहून बोटांवर केला आणि माझ्या अंगावर काटा आला. एका उल्लेखाला एक बाटली. शास्त्रज्ञांच्या बायकांना नेलपॉलिश आणि शास्त्रज्ञांकडून उल्लेख. ज्वालामुखीवाल्याचीही बायको असणारच.

घरी आलो तर सासूबाई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. चार दिवस त्यांनी ग्रंथालयातून मागवलेले लेख वाचले होते. बाजूला लाल पेन, आणि चेहरा उतरलेला. नापास मुलाच्या वडिलांना भेटायचं असलं, की त्यांचा चेहरा तसा होतो म्हणे.

"प्रकरण सुटलं," मी म्हणालो.

"माझंही," त्या म्हणाल्या. "पण त्या बाईला कसं सांगायचं ते सुटत नाही. जावईबापू, शुक्रवारी तुम्ही काही बोलू नका. मी उद्या जाऊन तिला एकटीला भेटते."

"सासूबाई, गुन्हेगाराला आधी सावध केलं तर पुढे काय उरलं?"

त्या मला काही तरी समजावत होत्या. ते मी ऐकायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा मी आरशासमोर भाषणाची तयारी करत होतो. गुरुवारी त्या संस्थेत गेल्या, तर गोगलताई दिवसभर ओढ्यावर होत्या. भेट झाली नाही.

शुक्रवारी दहा वाजता संस्थेच्या सभागृहात समिती बसली. तिघे जण. मधोमध अध्यक्ष, ज्यांच्यापुढे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहिलेला एकच कागद होता. डावीकडे एक सदस्य, डोळे मिटून चिंतन करणारे. उजवीकडे एक सदस्या, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक केसांत. समोर गोगलताई, गाळसाहेब आणि संचालक. मी दार उघडून आत गेलो. सासूबाई माझा शर्ट मागून ओढत होत्या, पण मी वेगात होतो.

"सद्गृहस्थहो आणि बाई," मी म्हणालो, "या खोलीत एक गुन्हेगार आहे."

चिंतन करणाऱ्या सदस्यांनी एक डोळा उघडला. मी पंधरा मिनिटं बोललो. पूर्वज, पोटातले पाय, बारा बाटल्या, बोटांवरचा हिशेब, सगळं एकामागोमाग एक. शेवटी मी खिशातून नेलपॉलिशची एक बाटली काढून अध्यक्षांपुढे ठेवली. ती बायकोची होती आणि लाल होती, पण परिणामासाठी मला काही तरी ठेवायचं होतं.

मी गोगलताईंकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त गोंधळून माझ्याकडे पाहत होत्या, जसं कुणी वाटेत चापट मारून जावं आणि आपला काय गुन्हा ते कळू नये. सव्वीस वर्षं खिडकीमागे बसून मी खूप चेहरे पाहिले होते. चोरीच्या वस्तूवर हक्क सांगणाऱ्याचा चेहरा असा नसतो, हे मला त्या क्षणी कळलं. मी जवळच्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत संचालक होते.

"मला दोन मिनिटं मिळतील का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "मी शिक्षिका आहे. मला शास्त्र कळत नाही, पण वाक्य कळतं. या अकराशे चाळीसपैकी ऐंशी लेख मी मागवले आणि त्यांत ताईंचं नाव ज्या वाक्यात आहे तेवढंच वाक्य वाचलं. एकाने म्हटलंय, की ताईंचा नकाशा चुकला आहे. शिवी दिलीय, पण तीही मोजलीय. तुमच्याकडे शिवी दिली तरी एक, ओवी गायली तरी एक. दुसऱ्या एकाने ताईंचं नाव चुकून घातलंय. त्याला ताईंचा आडनावबंधू असलेला एक दातांचा डॉक्टर हवा होता. उरलेले अठ्ठ्याहत्तर." त्या ताईंकडे वळल्या. "बाळ, हे मला काल तुला एकटीला सांगायचं होतं."

"सांगा," ताई म्हणाल्या.

"अठ्ठ्याहत्तरही जणांनी एकच गोष्ट लिहिलीय. 'बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अमुक पद्धतीने चिकटवल्या.' तुझ्या चौथ्या पानावर नकाशाखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं आणि वरून बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवायचं, म्हणजे पाण्यात पुसलं जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला बाटल्या असतात, मधमाशीवाल्याला असतात, ज्वालामुखीवाल्यालाही असतात. सगळ्यांनी ती ओळ घेतली. गोगलगायींबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही."

ताईंनी मान हलवली. मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसतोय असं दाखवत, फक्त त्यांना चष्मा नव्हता.

"ती युक्तीसुद्धा माझी नाही," त्या म्हणाल्या. "काकूंना बोलवा."

बाटलीकाकू ओले हात पदराला पुसत आल्या. अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत.

"हो, ते माझंच," काकू म्हणाल्या. "पोरगी शाळेत होती तेव्हा तिच्या डब्यावरचं नाव घासण्यात पुसून जायचं आणि डबा हरवायचा. मग एकदा नेलपॉलिश फिरवलं. राहिलं. इथे ताईंच्या चिठ्ठ्या गळायच्या, मी म्हटलं बघा करून. का, काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही," ताई म्हणाल्या. "मी लेखाच्या शेवटी तुमचं नाव घालून आभार मानले होते. कुणी तिथपर्यंत पोचलं नाही इतकंच."

अध्यक्षांनी समोरचा कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मग हे अकराशे चाळीस कुणाच्या नावावर धरायचे? या बाईंचे उल्लेख किती?"

"शून्य," संचालक माझ्या खालून म्हणाले. मी उठलो.

"आणि हे वजा केले तर ताईंचे वीस उरतात. म्हणजे गाळसाहेब दोनशे बारा," अध्यक्ष म्हणाले. एक आकडा गेला तरी दुसरा हाताशी आहे, हे पाहून त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

"त्या दोनशे बारांत काय लिहिलंय ते तरी कुणी पाहिलंय का?" सासूबाईंनी विचारलं. "वाचा की. दोघांचे मिळून लेख किती? चाळीस? शाळेत मी एका आठवड्याला दोनशे उत्तरपत्रिका तपासायचे. तराजूत घालून मार्क दिले असते तर मलाही दुपारची झोप मिळाली असती."

"एवढं वाचायचं म्हणजे वेळ लागेल," डोळे मिटलेले सदस्य म्हणाले.

"लागेल," केसांत चष्मा असलेल्या सदस्या म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन गोगलताईंचा अकरा पानांचा लेख आपल्याकडे ओढून घेतला. "मंगळवारपर्यंत थांबू या."

बाहेर व्हरांड्यात मी गोगलताईंपुढे उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही. खिडकीपाशी येऊन लोक माझीच मागायचे, उशिरा आल्याबद्दल. "ताई," मी म्हणालो, "मी गाढव आहे."

"गाढवं हुशार असतात," त्या शांतपणे म्हणाल्या. गोगलगायवाल्यांना प्राण्यांची बदनामी खपत नाही. "बारा बाटल्या महिन्याला नाही हो, वर्षाला लागतात. तेवढं दुरुस्त करा वहीत." मग म्हणाल्या, "राग तुमचा नाही आला. मी आठवडाभर उगाच खूश होते, त्याचं वाईट वाटतंय."

मी वही काढून 'महिन्याला' खोडलं आणि 'वर्षाला' लिहिलं. घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंगळवारी परत जा. आणि तोंड बंद ठेव."

मंगळवारी मी भिंतीला पाठ लावून, तोंड बंद ठेवून उभा राहिलो. समितीचे तिघेही जागे होते, डोळे तांबारलेले. अध्यक्षांपुढे आता कागदांचा ढीग होता आणि ढिगात सगळ्यांत वर गाळसाहेबांचा विहिरींचा अहवाल, ज्याचा कुणी कधी उल्लेख केला नव्हता. तो वाचून झाल्यावर आपण त्या वस्तीत जाऊन आलो, तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने नव्या विहिरीचं पाणी पाजलं, एवढंच ते म्हणाले. विभागप्रमुखाची जागा गाळसाहेबांना मिळाली. गोगलताईंनीच आधी चिठ्ठी पाठवून कळवलं होतं, की मला ओढ्यावर राहू द्या. चिठ्ठ्या चिकटवण्याच्या युक्तीवर एक पानाची टीप वेगळी छापायची, आणि तिच्यावर एकट्या बाटलीकाकूंचं नाव घालायचं, असंही ठरलं. काकूंनी विचारलं, की याचं मला काय करायला लागेल. काहीच नाही म्हटल्यावर त्या बरण्यांकडे परत गेल्या.

सगळे उठायला लागले. केसांत चष्मा ठेवणाऱ्या सदस्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या हातात तीच अकरा पानं होती, कोपरे दुमडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा.

"ताई," त्या म्हणाल्या, "मला गोगलगायींतलं काही कळत नाही, मी पुलांवर काम करते. पण नवव्या पानावर एक गोगलगाय आहे, सतरा नंबरची. तीन वर्षं प्रवाहाच्या उलट वर वर चढत गेली. पार झऱ्याच्या मुखापर्यंत पोचली. आणि चौथ्या वर्षी आपणहून वळली आणि खाली यायला लागली. बाकी एकही वळली नाही. ती का वळली? मी काल दोनदा वाचलं, मला कुठे सापडलं नाही."

गोगलताई दारापर्यंत पोचल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि तो आता विचारला गेला आहे हे त्यांना खरं वाटेना, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या परत आल्या.

"ते मलाही अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.